कॅम्पर ट्रेलरच्या सांडपाण्याच्या टाक्या गळतात तेव्हा: जागा शोधण्यापासून नवा व्हॉल्व्ह बसवण्यापर्यंत

कॅम्पर ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, पोटाखाली ओल दिसली की बहुतेकांचा हात आधी सोल्युशनच्या (पाइप चिकटवायच्या द्रवाच्या) डब्याकडे जातो. गळणाऱ्या सांध्यावर वरून एक थर चढतो, दोन दिवस बरे जातात आणि पहिल्याच लांब प्रवासात तोच सांधा पुन्हा ठिबकायला लागतो. घरातला सांडपाण्याचा पाइप भिंतीला धरून जागच्या जागी असतो. ट्रेलरमधला पाइप खड्ड्याखड्ड्याला हलतो, शिवाय भरलेली टाकी त्याला खाली ओढत असते. १५० लिटरची टाकी भरली की दीडशे किलोंहून जास्त वजन दोन-तीन पट्ट्यांवर लटकतं. त्यामुळे सांधा का फुटला याचं कारण पुष्कळदा सांध्यात नसतंच. ते हातभर अंतरावरच्या, ढिल्या पडलेल्या पट्टीत किंवा निखळलेल्या क्लॅम्पमध्ये असतं. ते सापडेपर्यंत करवत हातात घेऊ नका.

खाली काय काय असतं

साधारणपणे दोन टाक्या असतात. संडासाची ती काळी टाकी, सिंक आणि शॉवरच्या पाण्याची ती राखाडी. काळ्या टाकीतून बाहेर पडणारा पाइप बहुधा ३ इंची, राखाडीतून निघणारा दीड इंची. दोन्हीवर सुरीसारखं पातं सरकणारा एकेक गेट व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्हच्या पुढे दोन्ही पाइप एकत्र येतात आणि नळी जोडायच्या तोंडाशी संपतात. त्या तोंडावरची टोपी घाण अडवून धरण्यासाठी नाही. व्हॉल्व्ह नीट असेल तर टोपीमागे जवळपास काहीच साचायला नको.

प्रत्येक टाकीच्या माथ्यावरून हवेचा पाइप छतापर्यंत जातो. टाकीच्या बाजूला पातळी सांगणाऱ्या सेन्सरच्या छोट्या पिना रबरी बुशात बसवलेल्या असतात. गळतीच्या जागा एवढ्याच: व्हॉल्व्हचे फ्लँज (बोल्टने आवळायच्या सपाट कडा), टाकीतून पाइप निघतो तो सांधा, मधले एल्बो (वळणाचे तुकडे) आणि टी (तीन तोंडांचे तुकडे), सेन्सरच्या पिना, हवेच्या पाइपचं रबर आणि संडासाखालचं सील.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कोणतं प्लास्टिक आहे ते ओळखा. पाइप आणि फिटिंग (जोडायचे तुकडे) पुष्कळदा एबीएस नावाच्या काळ्या, कडक प्लास्टिकचे असतात, काही ठिकाणी पांढऱ्या किंवा करड्या पीव्हीसीचे. टाकी बरेचदा पॉलिएथिलिनची असते, आणि पॉलिएथिलिनवर कुठलंही सोल्युशन धरत नाही. टाकीवर छापलेलं काही सापडलं नाही तर कडेचा नखाएवढा पापुद्रा ब्लेडने तासा आणि पाण्याच्या ग्लासात टाका. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घाला, नाहीतर पापुद्र्याला चिकटलेले हवेचे बुडबुडेच त्याला तरंगत ठेवतात. बोटाने बुडवून सोडल्यावर तो वर आला तर बहुधा पॉलिएथिलिन. तळाशी गेला तर एबीएस किंवा पीव्हीसी. बोटालाही फरक कळतो. पॉलिएथिलिन मेणासारखं गुळगुळीत लागतं आणि तासताना भुगा न होता त्याची लवचीक साल निघते.

हात घालण्याआधी

टाक्या रिकाम्या करून धुवा. आधी काळी, मग राखाडी, म्हणजे राखाडीचं साबणाचं पाणी नळी धुऊन नेतं. नंतर काळ्या टाकीत तिच्या एक तृतीयांश स्वच्छ पाणी भरा, सोडा, पुन्हा भरा. सोडलेलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे चालू ठेवा. तीन-चार वेळा तरी लागतंच. सगळं पाणी सांडपाणी सोडायच्या अधिकृत जागीच जाऊ द्या.

धुताना ब्लीच ओतायचा मोह टाळा. लघवीतल्या अमोनियाशी ब्लीचचा संयोग झाला की क्लोरामिन वायू तयार होतो आणि तो फुप्फुसं जाळतो. टाकीतले मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हेही साधे वायू नाहीत. मिथेन पेट घेतो, म्हणून ट्रेलरखाली ज्योत, ठिणगी, सिगारेट काही नको. हायड्रोजन सल्फाइडने नाक थोड्याच वेळात बधिर होतं. वास यायचा थांबला म्हणजे हवा साफ झाली असं समजू नका.

पाण्याचा पंप बंद करा, बॅटरी सोडवा, गॅस बंद करा. चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना दोन्ही बाजूंनी उटी (अडणी) लावा. ट्रेलर उचलावा लागला तर तो चासीखाली भक्कम घोडीवर टेकवूनच खाली शिरा. कोपऱ्यातले जॅक ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, वजन पेलायला नव्हे. नायट्राइलचे लांब हातमोजे आणि डोळ्यांना बंद चष्मा हवाच, कारण फ्लँज सुटताना उरलेलं लिटर-दोन लिटर पाणी थेट चेहऱ्याच्या रोखाने येतं. खाली पसरट परात आणि भरपूर फडकी ठेवा.

गळती नेमकी कुठून

ट्रेलरच्या पोटाला नालीदार प्लास्टिकचा पत्रा ठोकलेला असेल तर जिथे थेंब पडतो तिथे गळती आहे असं मुळीच समजू नका. पाणी पत्र्यावरून वाहत सखल कोपरा गाठतं आणि तिथल्या स्क्रूतून टपकतं. पत्रा उतरवावा लागेल. स्क्रू काढून एक बाजू खाली सोडता आली तर उत्तम. कापावाच लागला तर तीन बाजूंनी कापून दारासारखी झडप करा, म्हणजे नंतर चिकटपट्टीने आणि स्क्रूने बंद करता येईल.

मग रंगाची परीक्षा. काळ्या टाकीत खाद्यरंगाचा निळा, राखाडीत लाल रंग घालून दोन्ही निम्म्या भरा. प्रत्येक सांधा कोरड्या टिश्यूने पुसा आणि दहा मिनिटांनी नवा टिश्यू फिरवा. डोळ्याला न दिसणारा पाझर कागदावर रंगाचा ठिपका सोडतो. निम्म्यावर काही दिसलं नाही तर हळूहळू पूर्ण भरा. टाकी भरल्यावरच गळत असेल तर दोष वरच्या भागात आहे: वरची सेन्सर पिन, हवेच्या पाइपचं रबर, संडासाचा फ्लँज. थोड्या पाण्यातही गळत असेल तर व्हॉल्व्ह किंवा टाकीतून निघणारा सांधा. फक्त संडास फ्लश करताना ओल येत असेल तर टाकीकडे न बघता थेट संडासाखालचं सील पाहा.

टोपी उघडल्याबरोबर कपभर पाणी आलं तर त्याचा रंग पाहा. कोणता व्हॉल्व्ह बंद होत नाही ते लगेच कळतं. मात्र लगेच व्हॉल्व्ह बदलू नका. पातं सरकवायची दांडी केबलने ओढायची रचना असेल तर केबल सोडवा आणि पातं हाताने आत ढकला. हाताने पूर्ण बंद होऊन गळती थांबली तर दोष केबलचा आहे: ती ताणली गेलेली असते, गंजलेली असते किंवा वळणावर अडकत असते. केबलचं वळण जितकं मोठं आणि सैल, तितकी ती जास्त टिकते.

गेट व्हॉल्व्ह बदलणं

सगळ्यात जास्त वेळा करावं लागणारं काम हेच, आणि निगुतीने केलं तर तासाभराचं. व्हॉल्व्ह दोन फ्लँजांच्या मध्ये चार बोल्टनी आवळलेला असतो. पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रबरी सील असतं. पातं सरकताना कागद किंवा वाळूचा कण खाचेत अडकतो, पातं शेवटचे दोन मिलिमीटर पुढे जात नाही. किंवा सीलचा ओठ दुमडून फाटतो. नुसती सील बदलून भागतं का? पात्यावर ओरखडे नसतील आणि व्हॉल्व्हचा सांगाडा सपाट असेल तर भागतं. तरी एवढं उघडलंच आहे तर अख्खा व्हॉल्व्ह आणि दोन्ही सील नवीन घालणं शहाणपणाचं. नवा घेताना जुन्याचं माप, बोल्टच्या भोकांमधलं अंतर आणि दांडीची लांबी ताडून पाहा.

चारही बोल्ट सोडवण्याआधी व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप दोरीने किंवा लाकडी ठोकळ्याने खालून धरून ठेवा, नाहीतर बोल्ट निघताच सगळं वजन पुढच्या सांध्यावर जाईल आणि एक गळती बंद करताना दुसरी सुरू होईल. दांडी कोणत्या बाजूला आहे याचा फोटो काढा. बोल्ट गंजले असतील तर गंज सोडवणारं तेल रबराला आणि प्लास्टिकला लागू न देता फक्त नटावर घाला. तरीही फिरला नाही तर नट कापा. नवे बोल्ट स्टेनलेसचे घ्या.

चारही बोल्ट पूर्ण काढा. फ्लँज हलकेच फाकवा. बोटभर फट मिळाली की व्हॉल्व्ह वर ओढून निघतो. एवढी फट मिळतच नसेल तर पुढच्या पाइपचे क्लॅम्प मोकळे करा. स्क्रू ड्रायव्हर घालून जोरात उचकटू नका, फ्लँजच्या कडेला पडलेला ओरखडा पुढे कायमचा पाझर होतो. जुनी सील निघताना कोणती बाजू पात्याकडे होती ते पाहून ठेवा. सीलच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, आणि उलटी बसलेली सील पहिल्यांदा पातं ओढताच बाहेर येते.

फ्लँजचे दोन्ही चेहरे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून, ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा. नखाने गोल फिरवून पाहा. नखाला जे खटकतं ते सीललाही खटकणार. नव्या सीलला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. पेट्रोलियम जेली किंवा इंजिनाचं ग्रीस नको, त्याने बऱ्याच प्रकारचं रबर फुगतं आणि ओठ मऊ पडतात.

आता नाजूक भाग. दोन्ही सील फ्लँजवर बसवा आणि पातं बंद ठेवून व्हॉल्व्ह वरून सरळ खाली सरकवा. तो आत जाताना सीलची वरची कड पुढे घसटली जाते आणि आतल्या बाजूला गुंडाळते. नव्या व्हॉल्व्हची गळती बहुतेक वेळा इथेच जन्म घेते. म्हणून सील करंगळीने जागेवर दाबून धरा, व्हॉल्व्ह अर्धा आत गेल्यावर थांबा आणि दोन्ही बाजूंनी कडेवरून बोट फिरवा. सगळीकडे सारखा उंचवटा लागला पाहिजे. कुठे खड्डा लागला तर काढा आणि पुन्हा बसवा. बोल्ट आवळून सील आपोआप सरळ होत नाही.

चारही बोल्ट आधी हाताने, मग पान्याने समोरासमोर, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने आवळा. दर फेरीनंतर पातं उघडून-मिटून पाहा. ते जड व्हायला लागलं की थांबा, पाव फेरा मागे या. जोर करून आवळलेला सांगाडा मधोमध फुगतो, पातं अडकतं, मग कोणीतरी दांडी हिसडते आणि ती तुटते. फ्लँजमधली फट चारही बाजूंनी सारखी दिसणं हीच खूण.

चिकटवलेला सांधा कापून नवा घालणं

एल्बोला किंवा टीला तडा गेला असेल तर वरून लेप लावणं म्हणजे पुढच्या प्रवासापर्यंतची सोय. तो तुकडा कापूनच काढावा लागतो. बारीक दातांची करवत पोचत नसेल तर पाइप कापायची तारेची करवत दोन्ही हातांनी ओढत वापरा. छेद काटकोनात हवा. कापण्याआधी पुढे-मागे किती सरळ पाइप उरतोय ते मोजा, कारण ३ इंची फिटिंगच्या आत पाइप साधारण दीड इंच जातो. तेवढा सरळ पाइप उरत नसेल तर चिकटवायचा नाद सोडा आणि स्टेनलेस पट्ट्यांची रबरी कपलिंग (दोन टोकं जोडणारी नळी) वापरा.

छेदाच्या आतल्या-बाहेरच्या कडा चाकूने साफ करा. आत राहिलेल्या एका काट्यावर कागद अडकायला सुरुवात होते आणि महिन्याभरात तिथे बोळा तयार होतो. सगळे तुकडे आधी कोरडे जोडा, दिशा पक्की करा आणि सांध्यावरून पेन्सिलची आडवी रेघ मारा. कोरडा पाइप सॉकेटमध्ये (फिटिंगच्या तोंडात) शेवटपर्यंत शिरत नाही, सोल्युशन लावल्यावर तो आणखी आत जातो. लांबी सॉकेटची खोली मोजून ठरवा.

एबीएसला एबीएसचं सोल्युशन, पीव्हीसीला प्रायमर आणि पीव्हीसीचं सोल्युशन, आणि दोन वेगळे प्लास्टिक जोडायचे तर त्यासाठीच बनवलेलं वेगळं सोल्युशन. पाइपला भरघोस थर, सॉकेटला पातळ थर. थांबू नका, पाइप आत घाला, पाव फेरा फिरवून रेघा जुळवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर पाइप हळूच मागे सरकतो. सांध्याभोवती बाहेर आलेल्या सोल्युशनचा सलग मणी दिसला पाहिजे. पाण्याने तपासण्याआधी २४ तास जाऊ द्या. थंडीत त्याहून जास्त.

रबरी कपलिंगला पाइपची दोन्ही टोकं मध्ये जवळजवळ भिडलेली हवीत, पट्ट्या टोकापासून थोड्या आत. स्क्रू साधारण ७ न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात. कपलिंग वाकते, पण वजन पेलत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प हवेतच.

आडव्या पाइपला दर मीटरला सुमारे २ सेंटिमीटर ढाळ द्या. ट्रेलर सपाट उभा करून पाणसळीने पाहा. आधार दर सव्वा मीटरच्या आत, आणि प्रत्येक एल्बोजवळ एक. क्लॅम्प पाइपला आवळून चिरडू नये. पाइपला थोडी हालचाल मिळाली पाहिजे, लोंबकळ नको. टाकीच्या पट्ट्यांचे बोल्टही याच वेळी पाहा. टाकी बोटभर खाली आली असेल तर सगळे सांधे ताणाखाली आहेत. टाकी जॅक आणि रुंद फळीने वर घेऊन पट्ट्या आवळल्यावरच नवा पाइप मोजा.

टाकीलाच तडा असेल तर

तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा. तडा तिथे थांबतो. नाही पाडलं तर जोडाच्या पलीकडून तो पुढे चालत राहतो. टाकी एबीएसची असेल तर तड्याच्या सगळ्या बाजूंनी ५ सेंटिमीटर पुढे जाईल एवढं एबीएसचं ठिगळ, दोन्ही पृष्ठभाग खरखरीत करून, सोल्युशनने बसवा.

पॉलिएथिलिनला फक्त वेल्डिंग. साधं इपॉक्सी धरलंसं वाटतं आणि टाकी जरा वाकली की पापुद्र्यासारखं निघून येतं. त्याच प्लास्टिकची सळई, गरम हवेची गन, नोझलपाशी २७० ते ३०० अंश सेल्सिअस. तड्यावर इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच करा, वरचा जुना थर ब्लेडने खरवडा, आणि सळई व टाकी दोन्ही एकाच वेळी ओलसर चमकू लागल्यावरच दाबत पुढे न्या. सळई वितळली पण टाकी थंड राहिली तर तो जोड नखाने सुटतो. आधी टाकावू तुकड्यावर सराव करा. टाकी स्वच्छ धुतलेली आणि खेळत्या हवेत उघडी नसेल तर गन लावूच नका.

पाइप टाकीत रबरी ग्रोमेटमधून (भोकात बसवलेल्या कड्यातून) शिरत असेल तर काम सोपं आहे: ग्रोमेट बदला. पाइपच्या टोकाची कड कानशीने उतरती करा, साबणाचं पाणी लावा आणि फिरवत दाबा. कोरडा आणि धारदार पाइप ग्रोमेटचा ओठ कापतो.

संडासाचं सील आणि हवेचा पाइप

संडास दोन नटांवर बसलेला असतो. तो उचला, जुनं सील खरवडा, फ्लँजला तडा आहे का पाहा, नवं सील घाला. नट आलटून पालटून आवळा. संडास डुलायचा थांबला की पुरे. भोवतालची फरशी अंगठ्याने दाबून पाहा. ती दबत असेल तर लाकूड कुजलंय आणि नवं सीलही महिनाभरात हलणार.

दुर्गंधी येतेय पण ओल कुठेच नाही, तेव्हा हवेचा पाइप संशयित. टाकी खाली बसली की तो ग्रोमेटमधून निसटतो, किंवा उलट खाली घसरून त्याचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडतं. मग फ्लश करताना संडासातून बुडबुडे आणि वास वर येतो. टोक टाकीच्या आत जेमतेम २-३ सेंटिमीटर असावं, पुन्हा घसरू नये म्हणून वर क्लॅम्प. छतावरच्या टोपीत पक्ष्यांचं किंवा गांधीलमाशीचं घरटं नाही ना, हेही पाहून घ्या.

तपासणी

पत्रा परत ठोकण्याची घाई करू नका. व्हॉल्व्ह बंद करून टाकी निम्मी भरा, टिश्यू फिरवा. मग पूर्ण भरून तासभर ठेवा, पुन्हा टिश्यू. टोपी काढून तोंडाखाली कोरडा कागद ठेवा. व्हॉल्व्ह धरतोय की नाही याची याहून खरी परीक्षा नाही. त्यानंतर व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडा. पाण्याच्या जोराने एखादा पाइप उसळला तर तिथे क्लॅम्प कमी आहे.

मग टाकीत पाव भाग पाणी ठेवून खडबडीत रस्त्यावर तासभर ट्रेलर फिरवून आणा. फ्लँजचे बोल्ट, टाकीच्या पट्ट्या आणि कपलिंगचे स्क्रू हाताने चाचपा. रबर बसल्यावर ते थोडे ढिले होतात, पाव फेरा लागला तर द्या. टिश्यू अजूनही कोरडाच निघाला की पत्रा लावा, आणि व्हॉल्व्हच्या बरोबर खाली स्क्रूने उघडणारी छोटी झडप ठेवा.